झालेले पेपर वाटावेत का? तुमचे अनुभव लिहा

हिवाळी परीक्षा आल्या की आमच्या तालुक्यात झेरॉक्सच्या दुकानात जुन्या पेपरांसाठी झुंबड उडते. माझं मत आधीच सांगते. विद्यापीठाचा पेपर होऊन गेला, मुलं तो हातात घेऊन बाहेर पडली, की वाटण्यात गैर काही नाही. पण कॉलेजातल्या अंतर्गत चाचण्यांचं काय? प्रॅक्टिकलचं काय? आपल्या भागातला, स्वतःचा अनुभव लिहा. कॉलेजचं नाव नको.

दारव्हा, बी.एस्सी.
आमच्याकडे चाचणीच्या पेपरांची एक फाईल होती. होस्टेलवरचे सीनियर जाताना ती ज्युनियरच्या हाती द्यायचे. आम्ही गावांहून येणाऱ्या मुली. शेवटचा तास संपला की धावत एस.टी. गाठायची, ती चुकली तर घरी बोलणी. होस्टेलवर जायचा प्रश्नच नव्हता. एकाला मी विचारलं, "दादा, मागच्या वर्षीचे पेपर हायेत का जी तुमच्याजवळ?" तो म्हणाला, "आपल्या पोट्ट्यायपुरतेच हायेत."

चाचणीत मागच्याच वर्षीचे प्रश्न आले, फक्त क्रम बदलून. फाईलवाल्यांना भरभरून मार्क. त्यांनी कॉपी केली असं मी म्हणणार नाही, जे मिळालं ते त्यांनी वाचलं. पण ती चाचणी रसायनशास्त्राची उरली नव्हती, ओळखीची झाली होती. आणि ते मार्क निकालात धरले जातात!

आम्ही मुली मिळून ग्रंथपाल मॅडमकडे गेलो. सगळ्या जुन्या चाचण्या काउंटरवर ठेवा, कोणीही बघेल, एवढीच मागणी. विभागातल्या सरांना ती आवडली नाही. तरी मॅडमनी जमतील तेवढ्या गोळा करून फाईल लावलीच. पुढच्या चाचणीला सरांनी प्रश्न नवे काढले.

आर्वी
वरच्या ताईंचं पटलं, पण प्रॅक्टिकल वेगळं. आमच्यात सकाळची बॅच बाहेर आली की दुपारच्या बॅचला कोणत्या नंबरच्या बाटलीत कोणतं सॉल्ट ते सांगायची. एकाला बेरियम आधीच कळलं, त्यानं बर्नर न पेटवता वहीत ज्योतीचा हिरवा रंग लिहून टाकला. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही, आणि त्यावरून वर्षभर अबोला सोसला. दुपारच्या मुलांची परीक्षा व्हायची होती, मग तो जुना पेपर कसा?

धारणी, बी.ए.
माझी मातृभाषा कोरकू. घरात कॉलेज पाहिलेलं दुसरं कोणी नाही. 'सविस्तर चर्चा करा' म्हणजे किती पानं, 'टीपा लिहा' म्हणजे किती ओळी, हे मला वर्गात कोणी सांगितलं नाही. जुने पेपर समोर ठेवले तेव्हा उमगलं. ज्यांच्या घरी शिकलेले आईबाप आहेत त्यांना हे जेवताना कळतं. माझ्यासारख्याला पेपर देणं ही मदतच आहे.

झेरॉक्स दुकानदार, वाशीम जिल्हा
झालेल्या पेपरचे मी कागदाचेच पैसे घेतो. 'उद्याचा पेपर आहे, कॉपी काढून द्या' म्हणणारेही येतात. त्यांना दारातूनच परत पाठवतो. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. पण कायदा नसता तरी काढून दिल्या नसत्या. माझीही पोरगी परीक्षा देते.

प्राध्यापक, चंद्रपूर जिल्हा (तासिका तत्त्वावर)
आमची बाजूही ऐका. पगार तासावर, पेपर काढण्याच्या वेळेला मोल नाही, म्हणून जुनाच पेपर फिरवला जातो. कारण खरं आहे, पण त्याचा भार मुलांवर टाकणं मला मान्य नाही. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं. उत्तरपत्रिका उघडी होते, मग झालेल्या पेपरची लपवाछपवी कशाला?

माझ्या वर्णनात्मक चाचण्या मी स्वतः नोटीस बोर्डावर लावतो. पर्यायी प्रश्नांच्या चाचणीचे कागद मात्र परत घेतो, कारण ते प्रश्न पुन्हा वापरायचे असतात, आणि हे पेपर वाटण्याआधीच वर्गात सांगतो. तरी कोणी चोरून फोटो काढला, तर ते मदत करणं नव्हे. दारव्ह्याच्या ताईंना विचारायचं आहे, तुमच्या ग्रंथालयातल्या फाईलला विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागली का? आमच्याकडे तिथेच अडलं आहे.