चेसिस नंबरवरून गाडीची मूळ फॅक्टरी यादी मिळते का?

उदगीरकर:
नमस्कार. छत्रपती संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून स्कोडा लॉरा डिझेल घेण्याचा माझा विचार आहे. गाडी एमएच-२० पासिंगची आणि पहिल्याच मालकाच्या नावावर आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना डिसेंबर २०१० असा आहे. गाडी वरच्या श्रेणीची असून तीत बाजूच्या एअरबॅगसुद्धा आहेत, असे सांगून विक्रेता चाळीस हजार रुपये जास्त मागत आहे. पुरावा म्हणून तो अलॉय व्हील आणि चामड्याच्या सीट दाखवतो, परंतु या दोन्ही गोष्टी कोणीही नंतर बसवून घेऊ शकतो. अमेरिकेतील व्हिडिओंमध्ये मी पाहिले आहे की, गाडीचा सतरा अंकी नंबर टाकला की तिच्या काचेवर फॅक्टरीतून लावलेले मूळ स्टिकर, किमतीसह आणि प्रत्येक सुविधेसह, जसेच्या तसे समोर येते. आपल्याकडे तसे काही मिळते का? आणखी एक शंका अशी की, चेसिस नंबरातील दहावे अक्षर ‘बी’ आहे आणि एका तक्त्यात बी म्हणजे २०११ असे दिले आहे. मग आरसीवर २०१० कसे?

जालना रोड:
तुम्ही पाहिलेले स्टिकर हे एका कायद्याचे अपत्य आहे. अमेरिकेत विक्रेते गाडीची किंमत मनाला येईल तशी फुगवून सांगत. त्यावर उपाय म्हणून ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली कायदा झाला आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर मूळ किंमत, फॅक्टरीत बसवलेली प्रत्येक जादा सुविधा व तिची किंमत, वाहतूक खर्च आणि अंतिम जुळणीचे ठिकाण छापणे उत्पादकावर बंधनकारक झाले. गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत ते काढणे हा तिथे गुन्हा आहे. म्हणून आजही लोक त्याला ‘मनरोनी’ म्हणतात. पुढे त्यात इंधनाची सरासरी आणि सुरक्षेचे तारेही आले. कागद मुळात तयार झालेला असतो म्हणूनच तो नंबरावरून पुन्हा काढता येतो. त्यातही काही संकेतस्थळे मूळ स्टिकर न देता उपलब्ध माहितीवरून त्याची नक्कल बनवून विकतात, हा भाग वेगळा.

आपल्याकडे असा कायदा नाही आणि एक्स-शोरूम किंमत शहरागणिक बदलत आली आहे, त्यामुळे शोधायला मूळ स्टिकरच नाही. नंबर स्वतः फार थोडे सांगतो. पहिली तीन अक्षरे उत्पादकाची असतात (एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा), मधली अक्षरे गाडीच्या प्रकाराची आणि शेवटचे आकडे अनुक्रमाचे. शून्य आणि एकाशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात कधीच नसतात. सीट चामड्याच्या होत्या की कापडाच्या, हे त्या सतरा अक्षरांत लिहिलेले नसते. थोडक्यात, नाद सोडा आणि मेकॅनिकला घेऊन गाडी पाहा.

वाळूजचे गॅरेज:
जालना रोड यांचे अमेरिकेबद्दलचे म्हणणे योग्य आहे, पण नाद सोडण्याची गरज नाही, कारण ही गाडी स्कोडाची आहे. आपल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्यांची जुळणी होत आली आहे, आणि फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत फॅक्टरीची यादी गाडीतच चिकटवलेली असते.

डिकी उघडा, तळाचा गालिचा उचला आणि स्टेपनीच्या खोलगट जागेच्या आसपास पाहा. पोस्टकार्डापेक्षा लहान असा पांढरा कागदी लेबल सापडेल. त्याच्या वरच्या बाजूला चेसिस नंबर असतो. त्याखाली मॉडेलचा कोड, इंजिनाची शक्ती, इंजिन व गिअरबॉक्सचे कोड, रंगाचा कोड आणि आतल्या सजावटीचा कोड असतो. उरलेल्या जागेत तीन-तीन अक्षरांच्या कोडांच्या ओळी असतात, त्यांना आम्ही पीआर कोड म्हणतो. ही झाली तुमची मूळ यादी, फक्त तीत किमती नाहीत. बाजूच्या एअरबॅगसाठी ‘४एक्स’ने सुरू होणारा कोड शोधा. ‘४एक्स०’ असेल तर बाजूच्या एअरबॅग फॅक्टरीतून आलेल्याच नाहीत. ‘४एक्स३’ असेल तर पुढच्या सीटच्या बाजूला आणि छताच्या कडेला पडद्यासारख्या अशा दोन्ही एअरबॅग आहेत. सनरूफ आहे असे कोणी सांगत असेल तर ‘३एफए’ पाहा, त्याचा अर्थ साधे छत.

हेच लेबल नव्या गाडीच्या सर्व्हिस बुकातही चिकटवलेले असते. डिकीतले लेबल पाण्याने गेले असेल तर ते पुस्तक मागा. दोन्ही नसतील तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर चेसिस नंबर सांगून विनंती करा, सुटा भाग अचूक देता यावा म्हणून त्यांच्या संगणकात ही यादी असतेच. एक खबरदारी मात्र घ्या. लेबलावरचा नंबर बॉनेटखाली उजव्या बाजूच्या शॉकॲब्सॉर्बरच्या घुमटावर कोरलेल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. अपघातानंतर मागचा पत्रा बदललेल्या गाडीत लेबल नसते. दुसऱ्या गाडीचे लेबल आणून चिकटवलेलेही मी पाहिले आहे, आणि ते चिकटवणाऱ्याने निदान रंगाचा कोड तरी बघायचा!

‘बी’ची काळजी करू नका. तो उत्पादनाचा महिना नसून मॉडेल वर्ष आहे. या समूहाचे मॉडेल वर्ष आधीच्या उन्हाळ्यातच बदलते, म्हणून डिसेंबर २०१० मध्ये बनलेल्या गाडीवर २०११ चा बी असणे रीतसर आहे. विक्रेता मात्र त्या बीवरून ‘गाडी २०११ची’ असे म्हणू लागला तर ऐकू नका. आरटीओ आणि विमा कंपनी आरसीवरचाच महिना धरतात.

नांदेड २६:
किमतीचा प्रश्न राहिला म्हणून लिहितो. नव्या गाडीच्या नोंदणीबरोबर विक्रेत्याचे नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र आणि उत्पादकाचे नमुना २२ जोडलेले असते. नमुना २१ मध्ये चेसिस व इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना आणि गाडीचा रंगसुद्धा असतो. श्रेणी मात्र इनव्हॉइसवर सापडते. पहिला मालक अजून तोच आहे, तेव्हा त्याच्याकडे ही फाइल असण्याची शक्यता बरीच आहे. गावाकडची माणसे लग्नपत्रिका जपत नाहीत इतक्या काळजीने गाडीची पहिली पावती जपतात.

इनव्हॉइस नसेल तर पहिल्या वर्षाची विमा पॉलिसी मागा. तिच्यावर गाडीची श्रेणी लिहिलेली असते. शिवाय नव्या गाडीची विमित किंमत, म्हणजे आयडीव्ही, उत्पादकाच्या जाहीर किमतीतून पाच टक्के घसारा वजा करून काढत असत, म्हणून त्या आकड्याला ०.९५ ने भागले की त्या वेळची किंमत जवळपास हाती येते. व्यवहार ठरलाच तर चेसिसची पेन्सिल प्रिंट दुसऱ्याकडून न घेता स्वतः घ्या. कोरलेल्या अंकांवर कागद धरून पेन्सिल घासताना ठोकठाक केलेला अंक बोटालाच कळतो.

उदगीरकर:
सर्वांचे मनापासून आभार. काल संभाजीनगरला जाऊन आलो. गालिचा उचलल्यावर लेबल सापडले, एक कोपरा ओलाव्याने सुटलेला होता पण अक्षरे वाचता येत होती. चेसिस नंबर पेन्सिल प्रिंटशी तंतोतंत जुळला. तिसऱ्या ओळीत ‘४एक्स०’ आहे. विक्रेत्याला तो कोड दाखवला तेव्हा त्याने ‘हे कंपनीचे काहीतरी असते’ असे म्हणून विषय बदलला. मग मी पुढच्या सीटची बाहेरची शिवण दाखवून तिथे एअरबॅगचे लेबल कुठे आहे असे विचारले, तेव्हा तो गप्प झाला. मूळ मालकाशी फोनवर बोललो. त्यांनी पहिल्या पॉलिसीचा फोटो पाठवला आणि चामड्याची कव्हरे आपण २०१४ मध्ये बसवून घेतल्याचे स्वतःहून सांगितले. त्या पॉलिसीवरही साधीच श्रेणी लिहिलेली आहे. गाडी एरवी चांगली आहे, म्हणून वरचे चाळीस हजार वगळून किंमत सांगून आलो आहे. विक्रेत्याने सोमवारपर्यंत वेळ मागितला आहे.