चोपड्यात राहून सागरी कचऱ्याच्या कामात उतरता येईल का?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)

नमस्कार. जळगावच्या विद्यापीठातून मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले असून किनारा संवर्धन आणि समुद्रातील कचरा कमी करणे या क्षेत्रात काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. ज्या जिल्ह्याला समुद्रच नाही तिथल्या मुलीने हा विचार का करावा, असा घरच्यांचा आक्षेप आहे. आमची तापी शेवटी अरबी समुद्रालाच मिळते आणि तिच्यात टाकलेली पिशवीही तिथेच पोहोचते, असे मी त्यांना सांगते. या क्षेत्रातील माणसे प्रत्यक्षात कोणते काम करतात आणि त्यातील काही भाग तापीकाठी राहून करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (शिरपूर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त)

ताई, आपली इच्छा योग्य आहे, परंतु घरच्यांसमोर मांडलेला मुद्दा थोडा सुधारून घ्यावा. मुलताईपासून समुद्रापर्यंत तापीची लांबी ७२४ किलोमीटर आहे आणि चोपड्याच्या खाली सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा हे बॅरेज (दरवाजांचे बंधारे) आणि त्यानंतर गुजरातेतील उकाईचे विशाल धरण लागते. तरंगणाऱ्या बाटल्या आणि थर्माकोल बहुतांशी यांच्या फुगवट्यांत (अडवलेल्या पाण्यात) अडकतात, जड झालेले प्लास्टिक गाळाबरोबर तळाशी बसते आणि मोठ्या पुरात दरवाजे उघडले की त्यातील काही भाग पुढे सरकतो. जगभरातील नद्यांमार्फत समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक हजाराहून अधिक नद्यांतून जाते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडले आहे. किनाऱ्यालगतच्या शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा त्यात फार मोठा आहे. त्यामुळे चोपड्याची प्रत्येक पिशवी सुरतजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर पोहोचते, असे म्हणता येणार नाही.

मात्र अडकलेले प्लास्टिक नाहीसे होत नाही. उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे पाच मिलिमीटरपेक्षा लहान कण होतात आणि ते पाण्याबरोबर दरवाजांतून सहज निघून जातात. शिवाय उकाईच्या फुगवट्यात आपल्याच नवापूर भागातील आदिवासी बांधव मासेमारी करतात, म्हणजे समुद्राच्या आधी हा त्रास त्यांच्या जाळ्यांना होतो. आपल्या कामाचे कारण म्हणून मला हे अधिक भक्कम वाटते.

उत्तर (रत्नागिरी, मूळ अमळनेर)

मी या कामात कोकण किनाऱ्यावर असल्याने रोजच्या कामाबद्दल सविस्तर लिहिते. स्वच्छता मोहिमा लोकांना दिसतात, परंतु कामाचा मोठा भाग मोजणीचा आहे. किनाऱ्यावरचा शंभर मीटरचा एकच पट्टा ठरवून दर वेळी ओहोटीला तिथे जायचे, भरतीरेषेवरील प्रत्येक तुकडा उचलायचा आणि बाटली, झाकण, गुटख्याची पुडी, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, नायलॉनची दोरी, जाळ्याचा तुकडा अशी वर्गवारी करून नोंदवायचा. कचरा गावातून आला, खाडीतून आला की बोटीवरून पडला, हे या नोंदींवरून कळते आणि ते कळल्याखेरीज उपाय कोणाकडे न्यायचा हे ठरवता येत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्रातील कचरा किनाऱ्यावर आणून टाकतो, त्यामुळे केवळ हिवाळ्यातील आकडे पाहून कोणी निष्कर्ष काढला तर तो फसवा ठरतो.

ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिथे यंत्राने वाळू चाळणे धोक्याचे असल्याने विणीच्या महिन्यांत हातानेच कचरा वेचावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला २००२ पासून सुरू असलेले कासव संवर्धन गावकऱ्यांच्या सहभागामुळेच टिकले आहे. मच्छीमारांशी नाते जुळवणे हा या कामातील सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. जाळ्यात अडकलेले संरक्षित कासव वा देवमासा जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते, परंतु छायाचित्र आणि अर्ज यांची पूर्तता करण्यासाठी त्याच्या शेजारी बसणारे कोणीतरी हवे असते. केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरात २०१७ पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेले प्लास्टिक पुन्हा समुद्रात न फेकता बंदरावर आणले आणि ते रस्त्यांच्या डांबरात वापरले गेले. तांडेलांचा (बोटीच्या प्रमुखांचा) विश्वास नसता तर हे घडलेच नसते.

नोकरीबाबत स्पष्ट सांगते: राज्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष, कांदळवन प्रतिष्ठान, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था यांत संधी आहेत, परंतु बहुतेक कामे प्रकल्पापुरती आणि कराराची असतात. अर्जासोबत स्वतः केलेल्या मोजणीच्या नोंदी असतील तर त्यांचे वजन पडते आणि तशा नोंदी नदीकाठीही तयार होऊ शकतात.

उत्तर (रावेर, केळी उत्पादक)

ताई, शहरी कचऱ्याबरोबर शेतातील प्लास्टिकही मोजावे, ही विनंती. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला विकत घेतो, त्यामुळे त्या फारशा वाया जात नाहीत. पण मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरलेले प्लास्टिक) मातीने माखलेला आणि फाटका निघतो, तो कोणी घेत नाही. केळीच्या घडावर घातलेल्या स्कर्टिंग बॅगाही कापणीनंतर बांधावर पडून राहतात. काही शेतकरी हे जाळतात, काही नाल्यात लोटतात आणि पहिल्या पुरात ते सुकी नदीत उतरते. आमच्या शिवारात मोजणी करायची असल्यास मी जागा दाखवीन आणि आसपासच्या शेतकऱ्यांशी बोलणेही करून देईन.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रावेरच्या दादांकडे सुकीच्या काठी एक आणि चोपडा तालुक्यात तापीच्या काठी एक असे दोन पट्टे घ्यावेत, असा विचार आहे. नदीला भरतीरेषा नसते, मग पट्टा कुठे धरावा?

उत्तर (रत्नागिरी, मूळ अमळनेर)

पूर ओसरल्यावर काडीकचऱ्याची जी रेघ काठावर राहते, तीच धरावी आणि बाभळीच्या फांद्यांत अडकलेला कचरा वेगळ्या रकान्यात लिहावा, कारण तो अधिक उंच पुराचा असतो. दरवर्षी पहिल्या पुराआधी एक आणि पाणी उतरल्यावर एक मोजणी अवश्य करावी. वरच्या अंगाच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना असेल त्या दिवशी मात्र पात्रात मुळीच उतरू नये आणि एकटीने कधीही जाऊ नये.