डेडस्टॉकमधला टीव्ही: तुमच्या शाळेत कधी लागला का?

पाटीपेन्सिल:
वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. परवा माळा आवरताना त्यांची वही सापडली, बदलीच्या वेळी चार्ज देताना उतरवलेली डेडस्टॉकची, म्हणजे शाळेच्या नोंदीतल्या टिकाऊ वस्तूंची यादी. घंटा पितळी १, पृथ्वीगोल १ (मोडका), दूरदर्शन संच १. मी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले, पण टीव्ही पाहिल्याचं आठवत नाही. बाबा आता नाहीत. हे संच कशासाठी आले होते?

निवृत्त_मास्तर:
ताई, १९८३ ला इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला आणि शाळांसाठी कार्यक्रम करायला सहा राज्यांत संस्था निघाल्या. आपली पुण्याची बालचित्रवाणी, १९८४ ची. ५ ते ८ आणि ९ ते ११ वयाच्या मुलांसाठी वेगवेगळे कार्यक्रम. आमच्याकडे खोल्याच दोन, त्यामुळे सगळी पोरं एकत्र कोंबायची. कार्यक्रम सुरू व्हायचा तेव्हा आमची प्रार्थना चाललेली. आज काय दाखवणार ते आधी कळायचं नाही. सादिलात, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशात, खडू-झाडूच जेमतेम बसायचे, विजेचं बिल कुठून भरणार?

पण खरी गोम डेडस्टॉकची. नोंद झालेली वस्तू फुटली की निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे यादीतून रीतसर कमी होईपर्यंत, जबाबदारी आमची, वसुली पगारातून. मग कोण पोरांना हात लावू देतो? आमचा संच सतरंजीत गुंडाळून कपाटामागे होता. तुमच्या बाबांना दोष देऊ नका.

एकदा मात्र चुंबकाचा कार्यक्रम नीट दिसला. दुसऱ्या दिवशी पोरं फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक घेऊन नदीच्या वाळूत! कागदाच्या पुडीत काळा कीस बांधून आणला. तो आठवडा मी पुस्तक उघडलंच नाही.

तळ्यातमळ्यात:
याच्या आधीचा तो १९७५-७६ चा साईट प्रयोग, उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवायचा. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर उसना, सुमारे २४०० गावं, जाळीच्या छत्र्यांसारखे अँटेना. पण त्या प्रयोगाच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपल्याकडे त्याच्या आठवणी नाहीत.

लालबटण:
शहरातही तीच कथा, मास्तर. १९८४ ला शाळांत संगणक आणायचा केंद्राचा 'क्लास' प्रकल्प आला, त्यातले बीबीसी मायक्रो संगणक आमच्या शाळेत होते. ३२ केबी मेमरी, वरच्या ओळीत लालभडक बटणं. चपला बाहेर काढायच्या, एका यंत्रापाशी पाच जण. बेसिक या संगणकाच्या भाषेत स्वतःचं नाव पडदाभर छापायला शिकलो तोच सत्र संपलं. किल्ली सरांकडे, सर रजेवर.

निवृत्त_मास्तर:
किल्लीचं काय सांगता! बालचित्रवाणीलाच २०१७ मध्ये कुलूप लागलं. तिथल्या जुन्या टेप बघायला मिळाल्या तर मी आजही एसटीने पुण्याला येईन. चुंबकवाला भाग पुन्हा पाहायचाय.

पाटीपेन्सिल:
गुरुजी, वही परत उघडली. संचाच्या खालच्याच ओळीत आहे: 'सतरंजी लहान १ (संचावर)'. तीच सतरंजी घातलेली मला आठवते, २६ जानेवारीला पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली.