आत्याला कॅमेरा घ्यायचाय

आत्या: मोबाइलवर डोंगर काढला की मागच्या रांगा एकमेकींत मिसळतात आणि झाडांचा नुसता हिरवा लगदा होतो. आता कॅमेरा घेणार आहे. लेन्स बदलायची खटपट नको, ओझं नको, फार खर्चही नको. ब्रिज कॅमेरा घे म्हणतात, म्हणजे लांब झूमची लेन्स पक्की बसवलेला. कोणता घेऊ?

दादा: आत्या, निकॉनचा पी१००० बघ. १२५ पट झूम आहे, चंद्रावरचे खड्डे दिसतात!

काका: चंद्रासाठी छानच आहे रे, पण ताईला डोंगर काढायचेत. आणि तो १.४ किलोचा आहे. चढावर तो गळ्यात घेऊन कोण चालणार?

काका: ताई, झूमचा आकडा सध्या विसर. आधी सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चिप, केवढा ते विचार. लांब झूमच्या बहुतेक ब्रिज कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. करंगळीच्या नखाहूनही लहान. आजच्या बऱ्याच चांगल्या मोबाइलांचा मुख्य सेन्सर याहून मोठा असतो! मग तुझा हिरवा लगदा जाणार कसा? एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ चौपट. पहाटे दरी अंधारात आणि आभाळ उजळलेलं असतं, तेव्हा फरक कळतो.

आत्या: मग एक इंची सेन्सरवाले कोणते?

काका: सोनीचा पहिला आरएक्स१० २०१३चा, झूम २४ ते २०० मिमी (आकडा मोठा तितकं दूरचं जवळ येतं), सगळीकडे एफ/२.८ (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). पॅनासोनिकचा एफझेड१००० २०१४चा, २५ ते ४०० मिमी. दोन्ही जुने झालेत, म्हणून वापरलेला बघायचा. माझं मत एफझेड१०००ला.

वहिनी: काका, ४०० पुरेल का? लांबचा कडा जवळ आणायचा असेल तर?

काका: पुरून उरेल. एकामागे एक डोंगररांगा १०० ते २०० मिमीलाच सुंदर येतात. त्यापुढे जितकं ओढाल तितकी मधली हवा फोटोत येते. दुपारी तर कडा पाण्यातल्यासारखा हलतो, त्याला कुठलीच लेन्स काही करू शकत नाही.

दादा: रॉ हवंच ना काका?

काका: हवंच, त्यात तडजोड नाही. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं तसंच ठेवणारी फाइल; नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये त्यातलं बरंच गळतं. माझ्या पहिल्या ब्रिज कॅमेऱ्यात रॉ नव्हतं. तासभर अंधारात चढून सूर्योदय गाठला, दरीत धुकं भरलं होतं, वर केशरी ढगांची पट्टी. घरी येऊन बघतो तर ती पट्टी पांढरीफटक. जेपेगमधून काही म्हणता काही परत आलं नाही. ती सकाळ आजही डोळ्यांसमोर आहे, फोटो मात्र नाही. हे दोन्ही कॅमेरे रॉ देतात. कॅननच्या एसएक्स७० आणि पॅनासोनिकच्या एफझेड८२मध्येही रॉ आहे, पण सेन्सर छोटाच.

आत्या: पाऊस? मला ढग उतरलेले असतानाच जायचं असतं.

काका: एफझेड१०००ला पाण्यापासून संरक्षण नाही, आवरण लागेल. आरएक्स१० दमट हवेला जास्त टिकतो. रिमझिम पावसातच काढणार असशील तर एफझेड३०० आहे: ६०० मिमीपर्यंत एफ/२.८, पाण्याच्या शिंतोड्यांना पुरून उरतो. सेन्सर छोटा, म्हणून मी मागे ठेवला.

दादा: मोठ्या कॅमेऱ्यात लँडस्केपला एफ/११ ठेवतात ना? तसंच?

काका: अजिबात नको. इतक्या छोट्या सेन्सरवर एफ/८लाच चित्र मऊ पडायला लागतं. एफ/४ किंवा ५.६ बास. एफझेड१०००वर २५ मिमीला एफ/४ ठेवून दोन मीटरवर फोकस केलास, तर मीटरभरावरच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. आणि ताई, वाचलेल्या पैशांत ट्रायपॉड आणि लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर घे. ओल्या पानांवरची चमक पोलरायझरने जाते आणि खालचा खरा हिरवा दिसतो. ट्रायपॉडवर २ सेकंदांचा टायमर लाव, स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद ठेव.

वहिनी: वापरलेला घेताना काय बघायचं?

काका: एफ/८ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, पडद्यावर मोठा करून बघा. काळपट ठिपके दिसले तर आत धूळ गेली आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे साफ करायला अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. मग लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, तिथूनच परत फिरा. झूम दोन्ही टोकांना नेऊन आवाज ऐका.

आत्या: एक एफझेड१००० रविवारी बघायला जायचंय. मालक म्हणतात, दोन वर्षं कपाटातच होता.

काका: मग बुरशी आधी बघ.

दादा: आत्या, मी येतो टॉर्च घेऊन. रिकामं कार्डही आणतो, तिथेच रॉ काढून घरी मोठ्या पडद्यावर बघू. त्याआधी हो म्हणू नकोस.