फॉन्डंट (केकवर लाटून चढवायचा किंवा आकार करायचा साखरेचा मळलेला गोळा) शिकायचंय, तेही मालवणच्या पावसात. सल्ला द्या!

मेढ्यातली मावशी:
भाच्याचा पाचवा वाढदिवस नारळी पौर्णिमेच्या आसपास येतोय आणि साहेबांना होडीचाच केक पाहिजे, तोही आजोबांच्या होडीसारखा, उलांडीसकट (तोल राखायला दांड्यांनी बाजूला बांधलेलं लाकूड). साधे केक मला जमतात, व्हिप क्रीमचं आयसिंग, गुलाबबिलाब काढते, पण फॉन्डंटला आजवर हात लावलेला नाही. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरायची वेळ आलीय, एक बाई म्हणते मार्शमेलोचं घरीच करा, दुसरी म्हणते तयार आणा, आणि सगळ्या एसीत उभ्या राहून करतात. आमच्याकडे ऑगस्टात पापड मऊ, मिठाला पाणी सुटलेलं, आणि एसी फक्त आईबाबांच्या खोलीत, तोही लाईट असली तर. केक दीड किलोचा होईल. काय काय आणू, घरी करू की विकत, आणि व्हिप क्रीमवर चालतं का? आजी चातुर्मास पाळते त्यामुळे जिलेटिन नको, ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून करतात.

कुडाळकर बंड्या:
बाय गो, पावसात त्या फॉन्डंटच्या नादाक लागू नको! आंब्याचो केक कर नि वर कागदाची होडी ठेव, पोरगो खूश.

केकवाली चिपळूण:
बंड्या भाऊंचं हसण्यावारी नेऊ नका, अर्धं खरं आहे ते.

मावशी, फॉन्डंट म्हणजे बहुतेक साखरच. आयसिंग शुगर, ग्लुकोज सिरप, थोडं ग्लिसरीन, आणि धरून ठेवायला जिलेटिन किंवा दुसरा एखादा डिंक. साखर हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ते चिकट होतं, चकाकायला लागतं आणि उभं केलेलं आडवं होतं. कृती चुकलेली नसते, हवाच तशी. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्या वेळी अख्खा केक फॉन्डंटने झाकायच्या भानगडीत पडू नका. केकवर बटरक्रीम (लोणी-साखरेचं आयसिंग) नाहीतर गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) लावा आणि फॉन्डंटची फक्त होडी, वल्ही, दोनचार मासे करा. पाव किलोत आरामात होतं. आणि खरं सांगू का, तो जाड गोड थर मुलं सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात.

घरी करायच्या मागे आत्ता लागू नका. मार्शमेलोत बहुतेक जिलेटिन असतं म्हणजे तुमच्याकडे तसंही बाद. तयार फॉन्डंट घ्या, पाकिटावर हिरवा ठिपका बघा, घटकांची यादी पण वाचा. सोबत सीएमसी पावडर (केकच्या सामानात मिळणारा खाण्याचा डिंक) आणा, ती घातली की फॉन्डंट कडक वाळतं. पाव किलोला एक सपाट छोटा चमचा, नीट मळून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून तासभर तरी ठेवायचं, मग आकार करायचे. रंग जेलचेच, पाण्यासारखे पातळ रंग घातलेत तर सगळं लिबलिबीत होईल. बाकी साच्यांचे आणि हत्यारांचे मोठाले सेट आत्ता नकोत. घरचं लाटणं, पातळ सुरी, टूथपिक, एक ब्रश, बास.

मळताना हात उकड मळतो तसाच चालवायचा, फक्त पाण्याचा हात लावायचा नाही. हाताला वनस्पती तूप अगदी पुसट. तडे जायला लागले तर अजून थोडं तूप, चिकटायला लागलं तर कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी करून वरून थोपटायची. ओलं फडकं झाकू नका, सवयीने हात जातो बरं का! लागेल तेवढाच गोळा बाहेर काढायचा, बाकीचा प्लास्टिकमध्ये.

होडी तीनचार दिवस आधी करून ठेवा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण थोडं किलकिलं ठेवून, त्या एसीच्या खोलीत वाळू दे. हवाबंद डब्यात ओले तुकडे ठेवलेत तर वाळणारच नाहीत. आईबाबांना चार रात्री केकच्या होडीसोबत झोपावं लागेल, त्याला इलाज नाही.

गनाश गँग रत्नांग्री:
चिपळूण ताईंशी अर्धी सहमत. पूर्ण झाकणं आपल्याकडे जमत नाही असं काही नाही, खाली काय आहे त्यावर सगळं आहे. व्हिप क्रीमवर फॉन्डंट विसराच, त्यातलं पाणी वर येतं आणि थर घसरतो. गनाश घट्ट लावा, डार्क चॉकलेट क्रीमच्या दुप्पट आणि व्हाइट तिप्पट, वजनावर, वाटीने नाही. पावसाळ्यात चॉकलेट अजून थोडं वाढवायचं. रात्रभर बसू द्यायचं, सकाळी ब्रशने किंचित पाणी फिरवून त्यावर फॉन्डंट. लाटायचं किती? केकचा व्यास अधिक दोन्ही बाजूंची उंची. म्हणजे 8 इंची केक 4 इंच उंच असेल तर 16 इंच, वर इंचभर जास्तीचं. जाडी 3-4 मिमी. पाऊणएक किलो फॉन्डंट लागतं. हवेचा बुडबुडा दिसला तर स्वच्छ सुईने तिरकं टोचून हाताने सपाट करायचा.

पण पाचव्या वाढदिवसाला, पहिलाच प्रयत्न, घर पाहुण्यांनी भरलेलं... ताई म्हणतात तेच करा.

मेढ्यातली मावशी:
बापरे, केवढी माहिती! ठरलं, फक्त होडी करते. पण मग दोन शंका. अख्खी होडी फॉन्डंटची भरीव केली तर जड होऊन केकात रुतेल ना? आणि घरात सगळ्यांना व्हिप क्रीमच आवडतं, बटरक्रीम तेलकट लागतं म्हणतात, त्यावर होडी ठेवायची काहीच सोय नाही का?

केकवाली चिपळूण:
भरीव नकोच. कुरमुरे घ्या, कढईत कोरडेच भाजून कुरकुरीत करा, वितळवलेल्या व्हाइट कंपाउंड चॉकलेटमध्ये कालवून गरम असतानाच होडीचा आकार दाबा. थंड झालं की सुरीने तासता येतं. त्यावर फॉन्डंटचा पातळ थर. हलकी होते आणि मुलांना खायलाही आवडते.

व्हिप क्रीमसाठी एक युक्ती आहे. बटर पेपरवर चॉकलेट वितळवून पातळ चकती ओता, होडीच्या बुडापेक्षा बोटभर मोठी. ती केकवर आणि तिच्यावर होडी, म्हणजे ओलाव्याशी थेट संबंध नाही. तरी होडी ठेवायची ती केक कापायच्या अर्धा तास आधीच. उलांडीच्या दांड्यांना आतून कोरडी स्पॅगेटी घाला, टूथपिक नको, पाच वर्षांची मुलं कुठेही चावतात.

सड्यावरचा सुगरण:
जाळीसाठी माझी भर. बाजारात लिंबं ज्या जाळीच्या पिशवीत मिळतात ती गरम पाण्यात साबणाने धुऊन कडकडीत वाळवा, लाटलेल्या फॉन्डंटवर ठेवून वरून लाटणं फिरवा. हुबेहूब जाळ्याचे चौकोन उठतात. किनाऱ्याला मारी बिस्किटाचा भुगा, वाळू म्हणून खपतो. समुद्र मात्र फिकटच निळा ठेवा, नाहीतर फोटोत सगळ्या पोरांच्या जिभा निळ्या.

मेढ्यातली मावशी:
लिंबाच्या जाळीचं भारीच 😄 होडीला तपकिरी रंग वेगळा आणू का? आणि उरलेलं फॉन्डंट फ्रीजमध्ये ना?

केकवाली चिपळूण:
रंग कशाला, कोको पावडर मळा की. थोडी थोडी घालत जा, कोकोने फॉन्डंट कोरडं पडतं तेव्हा हाताला तूप घ्या. चवही सुधारते. लाल किंवा काळा गडद हवा असेल तर तो तयारच घ्या, पांढऱ्यात जेल ओतत बसलात तर चिकटपणा वाढतो आणि लाल तरी गुलाबीच राहतो, काळा राखाडी.

उरलेल्याला फ्रीज नको. वरून तुपाचं बोट, प्लास्टिकमध्ये घट्ट, मग हवाबंद डबा, कपाटात. वाळलेली होडी पण फ्रीजमध्ये नाही, बाहेर काढल्यावर तिला घाम फुटेल. फुटलाच तर पुसू नका, रंग फरफटतो, पंख्याखाली आपोआप सुकू द्या.

कुडाळकर बंड्या:
आणि मेणबत्ती होडीत लावू नको गो, वाळूत लाव. शिडाक आग लागात.