मदत हवी आहे: तीन सरकारी विद्यापीठांचं विलीनीकरण, निवेदनात नेमकं काय लेखी मागावं?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या एका लहानशा राज्य विद्यापीठात गणित शिकवते. आमचं आणि आणखी दोन विद्यापीठांचं मिळून एकच विद्यापीठ करायचा प्रस्ताव आमच्या सिस्टीमने (राज्याच्या सगळ्या सरकारी विद्यापीठांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने) मांडलाय. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, लेखी निवेदन वेगळं देता येतं. ते लिहायचं काम विभागाने माझ्याकडे दिलंय. विलीनीकरण झालेल्या ठिकाणी जे शिकले, शिकवतात, किंवा रजिस्ट्रार, आयटी, फायनान्सच्या कामात होते, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

आधी एक स्पष्ट करते. मी विलीनीकरणाच्या विरोधात नाही. गेल्या सेमिस्टरला रिअल अ‍ॅनॅलिसिसला (गणिताच्या पदवीचा एक सक्तीचा, वरच्या पातळीचा विषय) पाच जणांनी नाव नोंदवलं. किमान दहा लागतात, त्यामुळे वर्ग रद्द झाला. त्यातली एक मुलगी शेवटच्या वर्षाला होती आणि त्या विषयाशिवाय तिची पदवी अडत होती. मग ती आठवड्यातून दोनदा माझ्या ऑफिसात येऊन बसायची. भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर आम्ही एप्सिलॉन-डेल्टाच्या सिद्धता लिहायचो. जागा संपली की वरचं अर्धं पुसायचं आणि पुढे जायचं. तिची पदवी झाली. पण शेजारच्याने केलेली चूक बघून जे डोक्यात बसतं, ते तिला मिळालं नाही. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी मेजरच (पदवीचा मुख्य विषय) बदललं.

बाकी दोन कॅम्पसवरही साधारण हीच गत आहे. तीन ठिकाणचे पाच-पाच एकत्र आले तर पंधरा होतात आणि वर्ग चालतो. हा फायदा खरा आहे आणि तो मला मनापासून हवाय. भीती त्याच्या पुढची आहे. पंधरा जणांना शिक्षक एकच पुरतो. तो एका कॅम्पसवर फळ्यापाशी उभा असेल आणि बाकीचे दहा जण दुसरीकडे पडद्यासमोर. निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा मग आमच्या कॅम्पसवर भरायची गरजच वाटणार नाही. पाचेक वर्षांत आमच्याकडे गणिताचे फक्त पहिल्या वर्षाचे वर्ग उरतील, आणि हे कुणी ठरवलं असं बोट दाखवता येणार नाही, कारण तसं कुणीच ठरवलेलं नसेल.

आतापर्यंत जे वाचलंय ते थोडक्यात देते, म्हणजे तेच परत सांगायचे तुमचे कष्ट वाचतील.

पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण आम्हाला सगळ्यात जवळचं. तिथल्या राज्य सिस्टीममध्ये १४ विद्यापीठं होती. २०१० च्या सुमारास विद्यार्थीसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास होती, ती २०२१ पर्यंत ९० हजारांच्या खाली आली. जुलै २०२१ मध्ये सिस्टीमच्या बोर्डाने विलीनीकरणाला मंजुरी दिली आणि १ जुलै २०२२ पासून सहांची दोन झाली. कॅलिफोर्निया (हे पेनसिल्व्हेनियातलंच एक गाव), क्लॅरियन आणि एडिनबरो मिळून पेनवेस्ट. ब्लूम्सबर्ग, लॉक हेवन आणि मॅन्सफिल्ड मिळून कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटी. कॅम्पस सगळे राहिले, खेळांचे संघसुद्धा प्रत्येक कॅम्पसचे वेगळे राहिले. संघांची हमी देता येते तर वर्गांची का देता येऊ नये, हा प्रश्न मला तिथूनच सुचला.

जॉर्जियाने हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केलं. ३५ संस्था होत्या, टप्प्याटप्प्याने २६ झाल्या. पण तिथे बरेचदा मोठ्या, भक्कम विद्यापीठाला लहान कॉलेज जोडलं गेलं. २०१६ मध्ये जॉर्जिया स्टेटमध्ये जॉर्जिया परिमीटर कॉलेज सामील झालं, तेव्हा जॉर्जिया स्टेटची विद्यार्थ्यांवर बारीक लक्ष ठेवणारी सल्लागार यंत्रणा परिमीटरच्या मुलांनाही मिळाली. आमच्याकडे तिन्ही भावंडं सारखीच अशक्त. कुणी कुणाला खांदा द्यायचा?

व्हरमाँटचं वाचून मात्र झोप उडाली. तिथलं नवं एकत्रित विद्यापीठ जुलै २०२३ मध्ये सुरू व्हायचं होतं. त्याच्या आधीच, फेब्रुवारीत, ग्रंथालयं पूर्ण डिजिटल करायची घोषणा झाली. विद्यार्थी आणि शिक्षक खवळले, योजना बदलावी लागली आणि एप्रिलमध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ साली १३ दोन-वर्षीय कॅम्पस मोठ्या विद्यापीठांना जोडले. त्यातल्या रिचलँडला २०२३ मध्ये प्रत्यक्ष वर्ग थांबले, तेव्हा तिथे पदवीसाठी शिकणारे ६० च्या आसपास उरले होते. म्हणजे जोडलं म्हणजे वाचलं, असं धरून चालता येत नाही.

आता माझे प्रश्न.

सगळ्यात महत्त्वाचा वर्गांचाच. आमच्या प्रस्तावात "सर्व कॅम्पसवर दर्जेदार शिक्षणाची उपलब्धता कायम राहील" असं वाक्य आहे. 'उपलब्धता' या शब्दात झूमसुद्धा बसतं. तुमच्याकडे कोणत्या मेजरचे किती क्रेडिट त्याच कॅम्पसवर, शिक्षक समोर असताना मिळतील, असं कुठे लेखी होतं का? असल्यास कशात: बोर्डाच्या ठरावात, अ‍ॅक्रेडिटेशन (मान्यता देणाऱ्या) संस्थेला दिलेल्या कागदपत्रांत, की युनियनच्या करारात? आणि पुढे ते पाळलं गेलं का?

दुसरा हॉस्टेलांच्या कर्जाचा. विद्यार्थी वाढत होते तेव्हा नवी हॉस्टेलं कर्ज काढून बांधली. आज आमच्या हॉस्टेलच्या एका मजल्यावर संध्याकाळी सातला तीन खिडक्यांत दिवा दिसतो, हप्ता मात्र पूर्ण इमारतीचा जातो. विलीनीकरणाने हप्ता कमी होत नाही, तो तिघांत वाटला जातो. ज्या कॅम्पसचं कर्ज कमी होतं, त्याच्या विद्यार्थ्यांच्या शुल्कावर तुमच्याकडे याचा बोजा आला का? फायनान्सवाल्यांनी यावर जरूर लिहा, मला यातलं फार कळत नाही.

सिनिऑरिटी कॅम्पसनुसार धरली की एकत्रित, हेही सांगा. माझं टेन्युअर (कायम नेमणूक) झालंय, पण विभागातले दोन तरुण सहकारी अजून टेन्युअरच्या वाटेवर आहेत आणि त्यातला एक एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे. मालक संस्थेचं नाव बदललं की त्याच्या कागदपत्रांचं काय झालं, हा अनुभव इथे नक्की कुणाला तरी असेल. तसंच विद्यार्थ्यांचं: आय-ट्वेंटी (परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद), फेडरल मदतीच्या अर्जातला कॉलेजचा कोड, मधल्या वर्षात पदवीवर कुठलं नाव छापलं. नावाचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या लोकांना विचारा. विलीनीकरणानंतर विद्यापीठाच्या नावातून त्यांच्या शहराचं नावच गेलं होतं, ते २०१५ मध्ये परत आलं.

काही जण म्हणतील की लहान कॅम्पस सरळ बंद करून मुलांना मोठ्या विद्यापीठात पाठवा. माझ्या वर्गातली बरीच मुलं घरून गाडीने येतात, संध्याकाळी नोकरी करतात. पुढचा कॅम्पस दीड तासावर आहे. ती तिकडे जाणार नाहीत, शिक्षण सोडतील. त्यामुळे हा मुद्दा या धाग्यावर नको, अशी विनंती.

भर (दोन दिवसांनंतर): सगळ्यांचे मनापासून आभार. एका ताईंनी व्यनितून (खाजगी निरोपातून) सांगितलेलं फार उपयोगी पडलं. त्या विलीन झालेल्या एका विद्यापीठात रजिस्ट्रार ऑफिसला होत्या. त्यांचं म्हणणं, हमीचं वाक्य मागू नका, तक्ता मागा. एका बाजूला प्रत्येक मेजरचे सक्तीचे विषय, दुसऱ्या बाजूला तिन्ही कॅम्पस, आणि प्रत्येक चौकटीत 'प्रत्यक्ष', 'दूरस्थ' किंवा 'नाही' यापैकी एकच शब्द. तो तक्ता मतदानाआधी प्रस्तावाला जोडायला लावायचा आणि दरवर्षी जाहीर करायला लावायचा. त्यांच्याकडे हा तक्ता मतदानानंतर झाला, तेव्हा निम्म्या चौकटी आधीच ठरून गेल्या होत्या.

गणिताचा तक्ता मी काल रात्री बसून केला. सक्तीचे अकरा विषय आहेत. आमच्या कॅम्पसपुढे 'प्रत्यक्ष' असं आज मी खात्रीने सहाच ठिकाणी लिहू शकले. रिअल अ‍ॅनॅलिसिसची चौकट रिकामी ठेवलीय. भौतिकशास्त्र आणि संगीताचे सहकारीही आपापले तक्ते करतायत. कुणाकडे असा मंजूर झालेला तक्ता असेल, कुठल्याही विषयाचा, तर कृपया पाठवा. निवेदन येत्या शुक्रवारपर्यंत द्यायचंय.