पंधरा रुपयांचे अंडे आणि शहरातली दया

मांजराकाठ : संभाजीनगरच्या एका सदस्याने काल या चर्चामंचावर लिहिले की, शेतकऱ्याने जनावरांना दयेने वागवले तर ग्राहक दोन पैसे जास्त मोजायला आनंदाने तयार आहे. हा आनंदी ग्राहक मला अजून भेटलेला नाही. माझ्या चाळीस गावरान कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात आणि रात्री खुराड्यात बसतात. लातूरच्या बाजारात पंधरा रुपयांना अंडे सांगितले की गिऱ्हाईक शेजारच्या ट्रेकडे बोट दाखवून म्हणते, "ते सातला आहे की!"

संभाजीनगरकर : तो सदस्य मीच. अंडे गावरान आहे हे ओळखायचे कसे, तेवढे सांगा. मागच्या वर्षी वीस रुपयांना एक याप्रमाणे डझनभर अंडी घेतली, ती उकळताना पाणी चहासारखे तांबूस झाले आणि अंडी पांढरी निघाली. स्वस्त अंडी येतात त्या पोल्ट्रीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे ए-फोर कागदाहूनही कमी. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले आणि आपल्या विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात कोंबडीपालनाच्या नियमांचा मसुदा सुचवला. हे सारे मला ठाऊक आहे, पण दुकानात ट्रेसमोर उभे राहिल्यावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

देवणीवाला : कोंबडीचे काय घेऊन बसलात! २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली तेव्हा शहरातून टाळ्या वाजल्या. माझा देवणी जातीचा बैल तेव्हा बारा वर्षांचा होता. हाळीच्या गुरांच्या बाजारात तीनदा नेला आणि तीनदा परत आणला. २०१९ च्या दुष्काळात तो चारा छावणीत उभा होता आणि मी त्याच्या शेजारी बाजेवर झोपत होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी चोळताना त्याच्या खांद्याची जुनी गाठ बोटांना लागायची आणि माझी मान आपोआप खाली यायची. दया आम्हाला शिकवू नका, कडबा पाठवा.

संभाजीनगरकर : धागा कोंबड्यांचा आहे. बैलाबद्दल मला वाईट वाटते, पण म्हणून पिंजरा योग्य ठरत नाही.

देवणीवाला : वाईट वाटायला पेंडीचे पोते लागत नाही, म्हणून ते परवडते.

निवृत्त पशुवैद्य, परभणी : दोघांनीही आवाज खाली आणावा. कडब्याचा हिशेब ग्राहकावर काढणाऱ्यांनी हेही पाहावे की, ज्या कायद्याने बैल राखला त्याने त्याच्या म्हातारपणाच्या चाऱ्याची सोय लावली नाही. आणि मोकळी कोंबडी म्हणजे सुखी कोंबडी, हाही गोड गैरसमज आहे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ आली की उकिरड्यावरचा कळप आठवड्यात आडवा होतो, कारण त्यावरच्या लासोटा लशीचे दोन थेंब डोळ्यात-नाकात घालायचा कंटाळा केलेला असतो. पिंजऱ्यातल्या कोंबडीला निदान लस तरी मिळते.

मांजराकाठ : डॉक्टरसाहेब, वर्मावर बोट ठेवलेत. गेल्या उन्हाळ्यात माझ्या अकरा गेल्या आणि लस दिलेली नव्हती, हे कबूल करतो. पिंजऱ्याची वकिली मात्र मान्य नाही. तुरुंगातही दवाखाना असतो.

संभाजीनगरकर : लस दिलेल्या कोंबड्यांची दोन डझन अंडी पंधराच्या भावाने घेतो. मात्र एक अंडे तुमच्यासमोर लिंबाने घासून रंग निघतो का ते पाहीन.

मांजराकाठ : खुशाल घासा. लिंबू तुमचे आणा. आमच्याकडे तेही सध्या पाच रुपयांना आहे.